घरचं नेट बंद पडलं की कुठून सुरुवात करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नेट गेलं" एवढंच फोनवर ऐकू येतं, आणि त्यामागे किमान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. फोनचं वाय-फाय सुटलेलं असेल, राउटर अडकला असेल, केबलची पिन सैल असेल, बाहेरची लाइन तुटली असेल, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडत नसेल, किंवा ती एकच वेबसाइट बंद असेल. घराघरांतली नेटवर्कं जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम मी रोज करते. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधीच सेटिंग बदलायला घेतलं की एका बिघाडाचे तीन होतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात तीच काळजी तुम्हाला दिसेल.

एक सूचना आधीच देते. आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत, पण संगणकावर टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

नेट चालत नाही. सगळ्यात आधी काय बघू?

दुसरं उपकरण हातात घ्या. लॅपटॉपवर चालत नसेल तर फोनवर बघा, पण फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करा. नाहीतर फोन गुपचूप मोबाइलचं नेट वापरतो आणि तुम्हाला वाटतं की वाय-फाय ठीक आहे. दोन्हीवर चालत नसेल तर बिघाड राउटरपाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे. एकावरच चालत नसेल तर राउटरला हात लावू नका, त्या एका उपकरणाकडे बघा. त्याचं विमान मोड सुरू आहे का, व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप) चालू राहिलंय का, शेजारच्या दुसऱ्याच वाय-फायला ते चिकटलंय का?

मग पिंग करून बघा. पिंग म्हणजे हाक मारून ओ येते का ते पाहणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा, आणि ओळीने तीन हाका मारा.

पहिली हाक राउटरला. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की "डिफॉल्ट गेटवे" या ओळीपुढे नेमका पत्ता दिसतो. तिथून उत्तर आलं नाही तर दोष तुमच्या आणि राउटरच्या मध्ये आहे, म्हणजे वाय-फायमध्ये, केबलमध्ये किंवा खुद्द राउटरमध्ये.

दुसरी हाक बाहेरच्या जगाला. त्यासाठी ८.८.८.८ हा पत्ता सोयीचा पडतो. ही गुगलची २००९ पासून सुरू असलेली सार्वजनिक डीएनएस सेवा आहे. डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था. राउटर ओ देतो पण इथून काहीच येत नाही, असं असेल तर लाइन बाहेर कुठेतरी तुटलेली आहे.

तिसरी हाक एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्यांच्या पत्त्याला उत्तर येतं आणि नावाचा पत्ताच सापडत नाही, तर गोंधळ डीएनएसचा. या तीन हाकांना दोन मिनिटं लागतात आणि पुढचा तासभराचा वैताग वाचतो.

वाय-फायची रेंज फुल्ल दिसते, तरी "इंटरनेट नाही" असं का येतं?

कारण त्या रेघा फक्त तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता कसा आहे ते सांगतात. राउटरच्या पुढे काय चाललंय याची त्यांना कल्पना नसते. बाहेरची केबल पूर्ण तुटली तरी रेंज फुल्लच दिसणार.

मग फोनला नेट नसल्याचं कळतं कसं? अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडला गेला की गुगलच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटीशी विचारणा पाठवतो आणि तिथून २०४ क्रमांकाचं, आत काहीही मजकूर नसलेलं उत्तर येतंय का ते बघतो. विंडोज आणि आयफोनही आपापल्या पद्धतीने अशीच चाचणी घेतात. ठरलेलं उत्तर आलं नाही की "इंटरनेट नाही" अशी पाटी लागते. त्यामुळे कधीकधी ही पाटी खोटीही असते. जाहिराती अडवणारं एखादं ॲप त्या चाचणीलाच अडवून बसतं, नेट चालू असतं आणि फोन मात्र नाही म्हणत राहतो. एखादी वेबसाइट उघडून बघितली की खरं-खोटं कळतं.

राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने खरंच काही होतं का?

होतं, आणि त्यामागे कारण आहे. राउटर हा एक लहान संगणकच असतो. घरातलं कुठलं उपकरण बाहेर कोणाशी बोलतंय याची नोंदवही तो आपल्या स्मृतीत ठेवतो. ही वही भरली किंवा तिच्यात गोंधळ झाला की नवीन जोडण्या होत नाहीत. वीज बंद केली की वही कोरी होते, आणि चालू झाल्यावर नेट देणाऱ्या कंपनीशी नव्याने ओळख होते.

बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा. लगेच चालू केला तर आतल्या घटकांत थोडी वीज साठलेली राहते आणि काही वेळा तो पूर्ण बंद झालेलाच नसतो. मोडेम किंवा फायबरची पेटी वेगळी असेल तर आधी ती चालू करा, तिचे दिवे स्थिर होऊ द्या आणि मग राउटर लावा.

पण हे रोज करावं लागत असेल तर तो उपाय नव्हे, ती आजाराची खूण आहे. राउटर बंद कपाटात किंवा दुसऱ्या गरम यंत्राच्या डोक्यावर ठेवला आहे का ते आधी बघा. त्यानंतर संशय घ्यायचा तो ॲडॅप्टरवर. जुना झालेला ॲडॅप्टर दिवे पेटवण्याइतकी वीज देतो, पण काम वाढलं की कमी पडतो आणि राउटर मध्येच स्वतःहून बंद-चालू होतो. ॲडॅप्टर बदलताना व्होल्टचा आकडा अगदी तोच हवा, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता तीच.

मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबली आणि आता काहीच चालत नाही. काय झालं?

रीस्टार्ट आणि रीसेट यांत गल्लत झाली. माझ्या मावशीने हेच केलं होतं. नेट मंद होतं म्हणून तिने कानातल्याची तार सरळ केली, भोकात घातली आणि सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत धरून ठेवली. मी पोहोचले तेव्हा वाय-फायचं नाव बदललं होतं, पासवर्ड गेला होता, आणि कंपनीने दिलेलं वापरकर्तानाव व पासवर्डही पुसला गेला होता. तिने तो कुठेच लिहून ठेवला नव्हता. मूळ मंदपणा मात्र तसाच राहिला, कारण दोष भिंतीजवळच्या जोडणीत होता.

रीसेट केलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. तसं झालं असेल तर राउटरच्या खालच्या बाजूचं लेबल बघा. मूळ वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता तिथे छापलेला असतो. त्या पानावर जाऊन कंपनीकडून मिळालेली माहिती पुन्हा भरायची. ही माहिती सगळं नीट चालू असताना कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवून ठेवा. माहिती फक्त ऑनलाइन साठवली असेल तर नेट गेल्यावर ती बघणार कशी?

फायबरच्या पेटीवर लाल दिवा लुकलुकतोय.

त्या दिव्यापाशी बहुतेक "एलओएस" लिहिलेलं असेल. याचा अर्थ प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोहोचत नाहीये. इथे वाय-फायचं नाव, पासवर्ड, डीएनएस यांपैकी काहीही बदलून उपयोग नाही. बारीक केबल कुठे कपाटाखाली चिरडली आहे का, तिला टोकदार वळण पडलं आहे का, एवढंच बघा. काचेचा तंतू जास्त वाकला की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. सोफा एक वीत मागे सरकवला आणि त्यामुळे लाइन गेली, असं एकदा नव्हे अनेकदा पाहिलंय. केबल मोकळी करून दिवा विझला तर ठीक, नाहीतर कंपनीला फोन करा.

तंतूचं टोक स्वतः काढून त्यात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण लेसरचा असतो. शिवाय टोकावर बोटाचा ठसा किंवा धुळीचा कण बसला तरी संकेत कमजोर होतो.

माझ्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. हे काय?

लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. पत्ते वाटण्याच्या या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. घरातले नेहमीचे पत्ते १९२.१६८ ने, १० ने, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या आकड्यांनी सुरू होतात. १६९.२५४ दिसलं की समजा, राउटरशी ओळखच झालेली नाही. वाय-फाय विसरायला लावून पुन्हा जोडा, केबल असेल तर बदलून बघा. तरीही तेच आलं तर राउटर रीस्टार्ट करा.

जुना राउटर दुसऱ्या खोलीत जोडला आणि सगळ्या घराचं नेट विचित्र वागायला लागलं.

दोन राउटर, दोघेही पत्ते वाटतायत. काही उपकरणं याचं ऐकतात, काही त्याचं, आणि कोण कुठे गेलं ते कोणालाच कळत नाही. उपाय सोपा आहे. दुसरा राउटर आधी एकटा लॅपटॉपला जोडा, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी बंद करा, त्याला पहिल्यापेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला पत्ता द्या, म्हणजे १९२.१६८.१.२ असा. मग मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या खाचेत) लावा, वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या खाचेत) नको. पुष्कळ राउटरांत "ॲक्सेस पॉइंट मोड" असतो, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पसरवायचं; तो निवडला की हे सगळं आपोआप होतं. काहींत मात्र त्या मोडला वॅन पोर्टच वापरायचा असतो, तेव्हा पुस्तिका बघून घ्या.

याच्या जवळचाच एक प्रसंग सांगते, कारण तो शोधायला मला स्वतःला दुपार गेली. एका घरात वायर कशा दिसाव्यात याबद्दल आजोबा फार काटेकोर. राउटरमागे एका केबलचं टोक मोकळं लोंबत होतं, ते त्यांनी रिकाम्या पोर्टमध्ये नीट खोचून ठेवलं. त्या केबलचं दुसरं टोकही त्याच राउटरमध्ये होतं. झालं, एक वर्तुळ तयार झालं. घरातला "सगळ्यांना ऐकू जाईल" असा प्रत्येक निरोप त्या वर्तुळात फिरत राहिला, त्याच्या प्रती वाढत गेल्या आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरलं. राउटरवरचे लॅनचे दिवे तेव्हा एकाच लयीत अतिशय वेगाने थरथरत होते. तसे दिसले तर एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात, तीच ती.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, पण डाउनलोडचा वेग १२ च दिसतो. फसवणूक आहे का?

नाही. एमबीपीएसमधला "बी" बिटचा आहे आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा आकडा बाइटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट. शंभराला आठने भागलं की साडेबारा. तुम्हाला बारा मिळत असतील तर लाइन चोख आहे.

३०० चा प्लॅन घेतला, तरी केबलवर वेग ९४ च्या पुढे जातच नाही.

हा आकडा ऐकला की मी केबलच मागते. ९४ च्या आसपास थबकलेला वेग म्हणजे जोडणी शंभरच्या गतीने झाली आहे. थोडा भाग निरोपांच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्यांच्या, वेष्टणात जातो, म्हणून शंभराऐवजी चौऱ्याण्णव.

इथरनेटच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभर एमबीपीएससाठी त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटसाठी, म्हणजे हजार एमबीपीएससाठी, चारही. आठांपैकी एखादी तार पिनमध्ये नीट दाबली गेली नसेल आणि ती नेमकी उरलेल्या दोन जोड्यांतली असेल, तर जोडणी तुटत नाही. दोन्ही टोकांची यंत्रं शंभरवर तडजोड करतात आणि निमूट चालत राहतात. वरवर सगळं ठीक, म्हणून कोणी केबलकडे बघत नाही.

पिन उजेडात धरून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकमधून आठ रंगांची टोकं दिसतात. सगळी अगदी पुढच्या कडेपर्यंत पोहोचली आहेत का? एखादं आखूड राहिलंय का? क्लिप तुटून पिन सैल झालीय का? खोचताना "खट्" असा आवाज यायला हवा. केबलवर छापलेला प्रकारही वाचा. कॅट ५ई किंवा त्यावरची केबल असेल तर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. केबल चांगली असूनही आकडा हलला नाही तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच शंभरचा आहे का ते तपासा. जुन्या आणि स्वस्त राउटरांत हे सर्रास असतं.

शेवटच्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही. मोठ्या अँटेनाचा राउटर घेऊ का?

थांबा, आधी आहे तो राउटर हलवून बघा. तो जिथे केबल घरात शिरते त्या कोपऱ्यात, जमिनीलगत, टीव्हीच्या मागे पडलेला असतो. अर्धा संकेत भिंतीपलीकडे बाहेर जातो, उरलेला टीव्हीच्या धातूवर आपटतो. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, मोकळा ठेवा. त्यासाठी लांब इथरनेट केबल टाकायला लागली तरी नव्या राउटरपेक्षा ती स्वस्त पडते.

रस्त्यात काय आहे तेही बघा. सळईचं काँक्रीट, धातूचं कपाट, मोठा आरसा आणि पाणी हे वाय-फायचे खरे अडथळे. आरशामागचा धातूचा थर संकेत परतवतो आणि पाणी तो शोषून घेतं. माशांची टाकी मध्ये असेल तर पलीकडच्या खोलीत त्याचा फरक जाणवतो.

मग वाय-फायच्या लहरींचा पट्टा. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त लांब जातो पण मंद आणि गर्दीचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. लांबच्या खोलीत २.४ आणि राउटरजवळ ५ वापरा. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर फोन स्वतः निवडतो आणि कधीकधी चुकीचं निवडतो. तेव्हा तात्पुरती नावं वेगळी करून तपासणी करा.

अंदाजाऐवजी आकडा हवा असेल तर वाय-फाय मोजणारं एखादं ॲप फोनवर घ्या. ते संकेताची ताकद डीबीएममध्ये दाखवतं आणि हा आकडा ऋण असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त चालतो, उणे ७० च्या पुढे अडखळायला लागतो, उणे ८० ला नावापुरती जोडणी. फोन हातात धरून घरभर सावकाश चाला. आकडा कुठल्या दारात एकदम कोसळतो ते कळलं की नवीन उपकरण कुठे ठेवायचं ते कळतं. अगदी त्या दाराच्या अलीकडे, जिथे संकेत अजून चांगला आहे तिथे ठेवायचं. बहुतेक जण रिपीटर, म्हणजे वाय-फायचा संकेत पकडून पुढे पाठवणारी पेटी, नेमका रेंज नसलेल्या खोलीत ठेवतात. त्याला स्वतःलाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार?

साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. जमत असेल तर केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा, माझी पहिली पसंती कायम त्यालाच. ते शक्य नसेल तर मेश (एकमेकांशी बोलून एकच वाय-फाय घरभर पसरवणाऱ्या पेट्यांचा संच) घ्या, शक्यतो आपसात बोलायला वेगळा रेडिओ असलेली.

ठरावीक वेळेलाच वाय-फाय का अडखळतं?

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सगळ्यांचा सामायिक आहे. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो, शिवाय शेजारची सगळी वाय-फाय. ओव्हन चालू असतानाच व्हिडिओ अडकत असेल तर उत्तर तुमच्यासमोर आहे. ५ वर जा. २.४ वरच राहायचं असेल तर राउटरमध्ये चॅनेल (पट्ट्यातला उपविभाग) १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. "३ नंबरवर कोणीच नाही" म्हणून तो घेतला तर १ आणि ६ दोन्हींचा गोंगाट ऐकावा लागतो.

५ गिगाहर्ट्झवर एक वेगळाच प्रकार घडतो. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावाच लागतो, आणि अशा नव्या चॅनेलवर जाण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं. अधूनमधून ५ चं नाव मिनिटभर गायब होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ मध्ये आणून ठेवा.

आणखी एक जागा, जिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावला की त्या केबलमधून २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. फाइल कॉपी करतानाच माउस अडखळत असेल आणि वाय-फाय सुटत असेल तर डिस्क लांब सरकवा.

स्पीड टेस्ट चांगली येते, पण व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो.

कॉलला वेग फार लागत नाही, नियमितपणा लागतो. निरोप वेळच्या वेळी पोहोचायला हवेत. घरात कोणाचा तरी फोन त्याच वेळी शेकडो फोटो वर चढवत असेल तर राउटरमधली बाहेर जाणारी रांग लांबते आणि तुमच्या आवाजाचे छोटे तुकडे त्या रांगेत मागे उभे राहतात.

खात्री करायची तर ८.८.८.८ ला पिंग सतत चालू ठेवा. घर शांत असताना समजा २० मिलिसेकंद येतायत. आता एका फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. आकडा २० वरून ३०० किंवा ५०० वर उडी मारत असेल तर हाच दोष. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर सुरू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवा. वेग किंचित कमी दिसेल, पण कॉल शांत होतील. तशी सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री होईल असं ठरवा.

काही वेबसाइट उघडतात, काही नाही.

आधी उपकरणाची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या लॅपटॉपचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग सुरक्षा प्रमाणपत्रं "अजून सुरूच झालेली नाहीत" असं त्याला वाटतं आणि ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो. घड्याळ नीट केलं की सगळं सुरळीत.

नंतर डीएनएस. नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तुमच्या कंपनीचा डीएनएस आजारी असेल तर नेट असूनही नावं सापडत नाहीत. राउटरमध्ये किंवा संगणकात ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ भरून बघा. विंडोजमध्ये जुनी, चुकीची उत्तरं साठून राहिली असतील तर आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून फ्लशडीएनएस, असं टाइप केलं की ती पुसली जातात.

पान अर्धवट येऊन लटकतं आणि हे काही ठरावीक साइटवरच होतं? जोडणी पीपीपीओई प्रकारची (वापरकर्तानाव-पासवर्ड देऊन होणारी) असेल तर एमटीयू, म्हणजे एका निरोपाच्या आकाराची मर्यादा, तपासा. इथरनेटवर एका निरोपाचा कमाल आकार १५०० बाइट, त्यातले ८ पीपीपीओई स्वतः वापरते. म्हणून राउटरमध्ये १४९२ हवं.

आणि कधी ती साइटच बंद असते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. कंपनीच्या स्वतःच्या नेटवर्कमधल्या एका चुकीच्या बदलाने त्यांचे डीएनएस सर्व्हरच दिसेनासे झाले होते. घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी फरक पडला नसता. मोबाइल डेटावरही तीच साइट उघडत नसेल तर राउटरला विश्रांती द्या.

नवीन बल्ब, कॅमेरा किंवा प्रिंटर वाय-फायला जोडलाच जात नाही.

अशा बऱ्याच उपकरणांना फक्त २.४ कळतं, आणि काहींना २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ सुरक्षा कळत नाही. राउटरमध्ये "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र" निवडा आणि जोडणी होईपर्यंत २.४ चं नाव वेगळं ठेवा. मॅक पत्त्यांची (प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकांची) गाळणी लावलेली असेल तर तीही काढा. हल्लीचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे ही गाळणी घरच्यांनाच बाहेर ठेवते.

घराबाहेर असताना घरचा कॅमेरा दिसत नाही. पोर्ट उघडला तरी नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून दिलेला आहे. तुमच्या राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून उपयोग नाही, कारण त्याच्या वर आणखी एक दार आहे. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा, किंवा निर्मात्याच्या क्लाउड सेवेतून जाणारा कॅमेरा वापरा.

कोणी आमचं वाय-फाय चोरून वापरत असेल का?

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ओळखू न येणारं नाव दिसलं तरी घाबरू नका, बहुतेक वेळा तो आपलाच टीव्ही निघतो. संशय राहिलाच तर वाय-फायचा पासवर्ड बदला, म्हणजे सगळेच बाहेर जातील. त्याच बैठकीत राउटरच्या सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही बदला आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय) बंद करा. नाव लपवून ठेवण्याने सुरक्षा वाढत नाही, फक्त घरच्यांचा त्रास वाढतो.

कंपनीला फोन करताना काय सांगू?

"नेट स्लो आहे" असं सांगितलं की समोरचा माणूस "राउटर बंद-चालू करा" म्हणणार. त्याचीही चूक नाही, त्याला तुमचं घर दिसत नसतं. फोन करण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून वेग मोजा. वाय-फायवरचा आकडा सांगितला तर दोष तुमच्या भिंतींवर ढकलला जातो, आणि तो बरोबरही असू शकतो. पेटीवरचे दिवे कुठले, कुठल्या रंगाचे, स्थिर की लुकलुकणारे, ते लिहून घ्या. बिघाड कधी सुरू झाला आणि दिवसातून किती वेळा होतो, तेही. ८.८.८.८ ला शंभर वेळा पिंग करून त्यातले किती निरोप हरवले तो आकडा द्या. केबलवरून शंभरातले दोन-तीनही हरवत असतील तर ते लक्षात आणून देण्याजोगं आहे.

फायबर असेल तर "माझ्या पेटीवर येणारी प्रकाशाची पातळी किती दिसते?" असं विचारा. ती त्यांना त्यांच्या बाजूने बघता येते. सर्वसाधारण घरगुती पेटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालतं. उत्तर उणे २६ च्या आसपास आलं तर जोडणी काठावर आहे, बाहेरचा कुठला तरी सांधा सैल किंवा मळलेला आहे, आणि माणूस पाठवायलाच हवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या, आणि तंत्रज्ञ काम संपवून निघण्याआधी तीच पातळी पुन्हा मोजून दाखवायला सांगा.